महापुराच्या यादीत दुकान कुठे आहे? तगाईपासून पन्नास हजारांपर्यंत

१/
आपत्ती कोसळली की शासनाला सर्वप्रथम एक यादी लागते : कोणाचे काय गेले आणि त्याचे किती द्यायचे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाच्या मदतीसाठी केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळाकरिता ठरवलेली यादी एकदा अवश्य वाचावी. दुभती गाय वा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये. ओढकामाचा बैल, ३२,०००. शेळी-मेंढी, ४,०००. कोंबडी, नगास १००. हातमाग वा हस्तकला कारागिराची अवजारे गेली तर ५,००० आणि त्याचे सूत, अर्धवट वा तयार माल गेला तर आणखी ५,०००.

२/
या यादीत किराणा मालाचे दुकान नाही. पिठाची गिरणी नाही, औषधांचे दुकान नाही, छापखाना नाही, सायकलदुरुस्तीची टपरी नाही. कोंबडीला भाव आहे. तराजूला, कपाटाला, फ्रीजला, बरणीतल्या मालाला नाही.

३/
हा निव्वळ विसर असेल असे मला वाटत नाही. विणकर यादीत आहे आणि वाणी नाही, याला इतिहास आहे. तो बऱ्याच अंशी आपल्याच दख्खनमध्ये घडला आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा : छोट्या व्यावसायिकाला ‘आपद्ग्रस्त’ म्हणून ओळखायला शासनाला इतका वेळ का लागला, आणि ओळखल्यावर त्याच्या हाती नेमके काय पडले.

४/
प्रारंभ जुन्या शब्दापासून करू. ‘तगाई’ किंवा ‘तकावी’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बळ देणे, सशक्त करणे असा. अवर्षण, स्वारी, लूट यांमुळे गाव उजाड झाले की रयतेने पुन्हा पेरावे म्हणून बी-बियाणे व बैल यांसाठी सरकारातून दिलेली उचल म्हणजे तगाई. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ती ठायी ठायी भेटते. उद्देश दयेपेक्षा महसुलाचा अधिक होता. जमीन पडीक राहिली तर सारा कोठून येणार?

५/
मग बाजारपेठेचे काय? तिच्यासाठी वेगळे साधन होते : कौल. नवी पेठ वसवायची असो वा लुटीनंतर ओस पडलेली पेठ पुन्हा भरवायची असो, वाणी-उदमी-बलुतेदारांना अभय आणि काही वर्षांची करमाफी देणारा कौल दिला जाई. म्हणजे शेतकऱ्याला रोख उचल, दुकानदाराला करात सूट. राज्याच्या लेखी दोघांचेही पुन्हा उभे राहणे आवश्यक होते, मात्र दुकानदाराने भांडवल आपले आपण आणावे ही अपेक्षा त्यात गृहीत होती. हे गृहीतक लक्षात ठेवा. पुढे ते फार टिकाऊ ठरले.

६/
आता १८७५. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि त्यांची कर्जखते जाळली. पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. ‘दख्खनचे दंगे’ आपण शाळेत वाचतो. त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत न्यायालयाने कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासावा, शेतकऱ्याला कर्जापायी अटक होऊ नये, अशा तरतुदी त्यात होत्या.

७/
कायदा आवश्यकच होता. परंतु त्याने एक रेषा आखली. ‘शेतकरी’ कोण याची कायदेशीर व्याख्या झाली आणि संरक्षण त्या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळाले. रेषेपलीकडे जो उरला त्याचा चेहरा प्रशासनाच्या नजरेत सावकाराचा झाला. खेड्यातला वाणी बहुधा दुकानदारही असे आणि उधार देणाराही असे. त्यामुळे मीठ-तेल विकणारा लहान माणूस आणि गावे गहाण ठेवून घेणारा मोठा सावकार एकाच शब्दाने ओळखले जाऊ लागले. ‘नुकसान सोसणारा’ अशी दुकानदाराची प्रतिमा तयार होण्यास येथे वावच राहिला नाही.

८/
त्यानंतर चारच वर्षांनी तगाईला आधुनिक कायद्याचे रूप मिळाले. १८८३चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४चा कृषक कर्ज कायदा. दुसऱ्या कायद्यात संकटनिवारण, बियाणे, जनावरे यांसाठी सरकारी कर्जाची सोय होती. अट एक : कर्ज घेणारा लागवडीखालील जमिनीचा मालक वा कसणारा असावा आणि हेतू शेतीशी निगडित असावा. सुताराचा रंधा, कासाराचा माल, तेल्याचा घाणा यांचा या कायद्याशी संबंध नव्हता.

९/
दुष्काळनीतीतही व्यापारी होता, पण वेगळ्या भूमिकेत. १८७६–७८च्या महादुष्काळात ब्रिटिश सरकारचा आग्रह होता की धान्याच्या व्यापारात हस्तक्षेप करायचा नाही. भाव चढले की व्यापारी आपोआप धान्य आणतील. या विचारसरणीत व्यापारी म्हणजे धान्य वाहून आणणारी यंत्रणा. यंत्रणेला मदत कशाची द्यायची? भाव चढलेल्या काळात चार पैसे मिळवणारे बडे अडते होतेच. पण गिऱ्हाईकच उरले नाही म्हणून दिवाळे निघालेला खेड्यातला दुकानदारही होता. धोरणाला पहिला दिसला, दुसरा दिसला नाही.

१०/
या चित्रात एक अपवाद घडला, तो विणकराचा. आणि त्याची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण माझ्या मते छोट्या उद्योगाला आपत्तीत काय लागते याचा आपल्याकडचा पहिला गंभीर विचार येथे सापडतो.

११/
दुष्काळात विणकराची अवस्था विचित्र असते. त्याच्या शेतात काही जळत नाही, कारण शेतच नसते. माग शाबूत असतो, हात शाबूत असतात. पण लोक आधी अन्न घेतात, लुगडे-धोतर पुढच्या वर्षावर ढकलतात. म्हणजे पीक शेतकऱ्याचे बुडते आणि बाजार विणकराचा. तो आधीच सुतासाठी व्यापाऱ्याच्या उचलीवर जगत असतो. खप थांबला की व्यापारी उचल थांबवतो आणि आठवड्याभरात चूल थंडावते.

१२/
सरकारी उत्तर होते दुष्काळी काम. रस्ते, तलाव, खडी फोडणे. रोजगार हवा तर कामावर या. विणकराने खडी फोडली तर दोन गोष्टी होतात. बारीक सुताला सरावलेले हात राठ होतात. आणि घर सोडून कामाच्या तळावर जावे लागल्याने माग मोडून विकावा लागतो. पाऊस पडल्यावर शेतकरी शेताकडे परततो. माग विकलेला कोष्टी वा साळी कुठे परतणार? तो कायमचा मजूर होतो.

१३/
१८८०मध्ये रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, १८८३मध्ये दुष्काळसंहितेचा मसुदा तयार झाला आणि प्रांतोप्रांतीच्या संहिता त्यावरून बेतल्या गेल्या. कारागिरांना त्यांच्याच धंद्यातून मदत देण्याची वाट या संहितांत पुढे मोकळी झाली. कल्पना साधी होती. सरकारने वा नगरपालिकेने सूत द्यावे, विणकराने घरीच विणावे, नगामागे मजुरी घ्यावी, तयार कापड साठवून सुगीनंतर विकावे. विक्रीत तोटा आला तर तो दुष्काळी खर्च समजावा.

१४/
१८९६–९७चा दुष्काळ आला तेव्हा ही वाट प्रत्यक्षात चालून पाहण्याचा प्रयत्न सोलापूर आणि नगर येथे झाला. तो करणारे गृहस्थ होते बाळ गंगाधर टिळक. दुष्काळसंहितेतले हक्क लोकांना समजावून सांगण्याची सार्वजनिक सभेची मोहीम सर्वज्ञात आहे. साराबंदीच्या संदर्भात ती नेहमी सांगितली जाते. विणकरांचा अध्याय मात्र सहसा वगळला जातो. टिळकांनी सोलापूर व नगर येथे जाऊन स्थानिक पुढाऱ्यांच्या साहाय्याने विणकरांसाठी योजना आखली. ती संहितेच्या चौकटीतच बसणारी होती. सरकारचे सहकार्य मिळणे तेवढे बाकी होते.

१५/
ते मिळाले नाही. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या मुंबई सरकारने सहकार्य नाकारले. सार्वजनिक सभेविषयीचा राग ताजा होता. १८९७मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. त्याच सुमारास वायव्य प्रांतात लेफ्टनंट गव्हर्नर अँटनी मॅकडोनेल यांनी तशाच धर्तीची योजना यशस्वीपणे राबवली. हेच मॅकडोनेल पुढे १९०१च्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष झाले. एकाच कल्पनेला एका प्रांतात नकार आणि दुसऱ्या प्रांतात यश मिळाले. फरक कल्पनेत नव्हता, ती कोणी मांडली यात होता.

१६/
टिळकांच्या योजनेकडे आजच्या भाषेत पाहा. त्यात खेळते भांडवल आहे (सूत), हमखास गिऱ्हाईक आहे (सरकारी खरेदी) आणि तोट्याची वाटणी आहे. आपत्तीनंतर धंद्याला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी. तिला दोषही होते. सूत-व्यापारी हेच बहुतेक विणकरांचे धनको असत, म्हणून मदतीचा काही वाटा त्यांच्याकडे वळण्याची भीती रास्त होती. साठलेले कापड एकदम बाजारात आले की भाव पडतात, हीही अडचण होतीच. तरीही ‘धंदा जिवंत ठेवणे’ हे मदतीचे उद्दिष्ट म्हणून येथे स्पष्टपणे मांडले गेले.

१७/
आणि दुकानदार? तो धर्मादायाच्या वाट्याला गेला. १८९७ आणि १९०० या दुष्काळांत लोकवर्गणीतून मोठे मदतनिधी उभारले गेले. त्यांची उद्दिष्टे चार ठरवली होती. त्यांतले एक, सरकारी मदत मागण्यापेक्षा हाल सोसणाऱ्या अब्रूदार गरिबांना साहाय्य. दुसरे, सर्वस्व गमावलेल्यांना पुन्हा धंद्याला लावणे. संहितेत न बसणारी माणसे या दोन कलमांत बसवली गेली. म्हणजे शेतकऱ्याला कायद्याने, विणकराला संहितेने आणि उरलेल्यांना वर्गणीने अशी उतरंड तयार झाली.

१८/
स्वातंत्र्यानंतर पैशाची व्यवस्था बदलली, उतरंड फारशी बदलली नाही. दुसऱ्या वित्त आयोगाने राज्यांना आपत्तीसाठी काही रक्कम बाजूला काढून देण्याची पद्धत सुरू केली. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १९९०–९१पासून आपत्ती निवारण निधी आला. केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. निधी आला की निकष येतात आणि निकष लिहिणाऱ्यांसमोर जुन्या संहिता असतात. पीक, जमीन, जनावर, घर, होडी, जाळे, हातमाग.

१९/
१२ जुलै १९६१. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. (धरणफुटीला ‘नैसर्गिक’ म्हणणे धाडसाचे आहे, हे मान्य.) दुष्काळ डोळ्यांपुढे ठेवून घडलेल्या यंत्रणेपुढे येथे प्रथमच एक भलेमोठे शहर उभे ठाकले, जिथे पैसेवारी लावायला पीक नव्हते. पुनर्वसनाचा भर घरांवर पडला. गोखलेनगरच्या निसन हट, पूरग्रस्तांच्या शंभराहून अधिक गृहनिर्माण संस्था, त्यांच्या जमिनींच्या मालकीचा पुढे अनेक दशके रेंगाळलेला प्रश्न. पुण्याच्या स्मृतीत पानशेत म्हणजे गेलेली घरे. वाहून गेलेली दुकाने आठवणींत आहेत, पुनर्वसनाच्या इतिहासात क्वचित.

२०/
३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर तर जुने माप अगदी उघडे पडले. लातूर-धाराशिवमधील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि नव्या घराचे आकारमान कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. खेड्यातल्या दुकानदाराचे किंवा शिंप्याचे घर म्हणजे त्याच्या धंद्याची जागाही असते. पण जमीन नसेल तर तो २५० फुटांत. हे निकष ठरवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. कुटुंबाची ऐपत मोजायला त्यांच्याकडे सातबाऱ्याखेरीज दुसरे साधनच नव्हते.

२१/
२००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा भाषेच्या दृष्टीने मोठी झेप होती. कलम १२मध्ये किमान मदतीचे मापदंड सांगताना जीवितहानी व घरे यांबरोबर ‘उपजीविकेची साधने’ पूर्ववत करण्याचाही उल्लेख आला. कलम १३ने तर भीषण आपत्तीत बाधितांच्या कर्जफेडीत सवलत वा सवलतीच्या अटींवर नवे कर्ज यांची शिफारस करण्याचा अधिकार राष्ट्रीय प्राधिकरणाला दिला. उपजीविकेच्या साधनांत दुकान येते याबद्दल वाद होऊ नये. परंतु मदतीच्या यादीतला शब्द बदलला नाही. तिथे कारागीर हातमाग-हस्तकलेचाच राहिला.

२२/
मग २०१९चा ऑगस्ट उजाडला. पंचगंगा आणि कृष्णा यांनी कोल्हापूर-सांगलीच्या बाजारपेठांत मुक्काम ठोकला. पाणी कित्येक दिवस हटले नाही. येथे शासनाला यादीबाहेर पडणे भाग पडले. राज्याने छोट्या व्यावसायिकांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५०,००० रुपये अशी मदत जाहीर केली. केंद्राच्या निकषांत हे कलम नसल्याने भार राज्याच्या तिजोरीवर. मला हा निर्णय ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचा वाटतो, कारण सावकार, यंत्रणा वा अब्रूदार गरीब यांपैकी काहीही न होता दुकानदार केवळ दुकानदार म्हणून सरकारी मदतीच्या कागदावर आला.

२३/
२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिवनदी यांच्या पाण्याने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, सावित्रीच्या पाण्याने महाड. चिपळूणने २००५चा जुलैही पाहिला होता; यंदा दुकाने आधीच करोनाच्या टाळेबंदीतून कशीबशी बाहेर येत होती. (त्याच पाण्यात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरातली पुस्तकेही भिजली. ती बातमी वाचून आपल्यापैकी अनेकांनी हळहळ व्यक्त केली होती.) ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ११,५०० कोटी रुपयांच्या मदतीला मान्यता दिली. त्यात दुकानदारांना ५०,०००पर्यंत आणि टपरीधारकांना १०,०००पर्यंत.

२४/
हे आकडे प्रत्यक्षात काय सांगतात? समजा, एका मध्यम किराणा दुकानात चार लाखांचा माल आणि लाखभराचे फर्निचर-फ्रीज होते आणि सारेच गेले. ७५ टक्के म्हणजे पावणेचार लाख. मिळणार कमाल पन्नास हजार. म्हणजे नुकसानीचा दहावा हिस्सा. एखाद्या लहान टपरीला दहा हजारांत पुन्हा उभे राहता येईलही. मधल्या दुकानाला नाही. आणि बाजारपेठेत नोकर, हमाल, पुरवठादार यांना पोसणारी दुकाने बहुतांशी मधलीच असतात.

२५/
शिवाय अटी. स्थानिक रहिवासी असावा, मतदार यादीत नाव असावे, शिधापत्रिका असावी, दुकान अधिकृत असावे, पंचनामा झालेला असावा. सार्वजनिक पैसा वाटताना पुरावा मागणे चूक नाही. पण पुरात पहिल्यांदा भिजतात ते कागदच. शेताचा पंचनामा आठवड्यानेही होऊ शकतो, जमीन तिथेच असते. दुकानातला चिखल आणि कुजलेला माल मात्र दुसऱ्या दिवशी बाहेर काढावाच लागतो, नाहीतर रोगराई. म्हणजे स्वच्छता केली तर पुरावा जातो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक ही पीक मोजणारी साखळी पिढ्यान्‌पिढ्या घडलेली आहे. गोदामातला माल मोजणारी तशी साखळी कधी घडलीच नाही.

२६/
एक नुकसान तर कोणत्याही पंचनाम्यात येत नाही : उधारीची वही. १८७५मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी खते जाळली ती जाणूनबुजून, कारण त्यांतच त्यांची गुलामगिरी लिहिलेली होती. आजच्या किराणा दुकानातली उधारी वेगळी. महिनाअखेरीस पगार झाला की फिटणारी, व्याज नसलेली. पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यात गल्लीला तांदूळ-चहा-मेणबत्ती उधार मिळते ती याच माणसाकडून. त्याची वही गेली की त्याचे येणे गेले, आणि त्याने उधार देणे थांबवले की गल्लीची पत गेली. दीडशे वर्षांपूर्वी ज्या उधारीमुळे दुकानदार मदतीच्या कक्षेबाहेर राहिला, तीच उधारी आज सरकारी शिधा पोहोचेपर्यंतचा आधार असते.

२७/
बँकांकडे जाण्याचा मार्ग आहे, पण त्याच्या दारातही पीकच उभे आहे. नैसर्गिक आपत्तीतील कर्जसवलतींविषयी रिझर्व्ह बँकेच्या २०१८च्या निर्देशांत पीककर्जाची पुनर्रचना ठरते ती ३३ टक्के वा अधिक पीकहानीच्या मापाने. ग्रामीण कारागीर, व्यापारी, सूक्ष्म व लघु उद्योग यांच्या कर्जांबाबत मात्र सरसकट पुनर्रचना करायची की नाही, हे आपत्तीची तीव्रता पाहून बँकर्स समितीने ठरवायचे. एकाला माप आहे, दुसऱ्याला समितीची मर्जी. आणि ज्याचे बँकेत खातेच नाही, ज्याने माल घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलला आहे, त्याला यातले काहीच लागू नाही.

२८/
तुलनेसाठी एकच परदेशी उदाहरण. अमेरिकेत १९५३मध्ये लघुव्यवसाय प्रशासन नावाची संघीय संस्था स्थापन झाली. आपत्ती जाहीर झाली की ती दुकानांना, लहान कारखान्यांना आणि घरमालकांनाही दीर्घ मुदतीची, अल्प व्याजाची कर्जे थेट देते. मुदत तीस वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आपत्तीतला दुकानदार तिथे कायद्याच्या चौकटीत नावाने आहे. पण ते कर्जच आहे, अनुदान नव्हे. आधीची पत चांगली नसेल तर अर्ज फेटाळला जातो आणि २००५च्या कतरिना वादळानंतर अर्जांचे ढीग साचल्याने ही संस्था टीकेची धनी झाली होती. नकल करण्याजोगा आदर्श मी तिला म्हणणार नाही. कायम यंत्रणा आणि दर वेळी नव्याने काढलेला शासन निर्णय यांतला फरक मात्र तिच्यामुळे कळतो.

२९/
कारण आपल्याकडे नेमके हेच झाले आहे. २०१९मध्ये पन्नास हजार. २०२१मध्ये पन्नास हजार. सप्टेंबर २०२३मध्ये नाग नदीच्या पुराने नागपूर बुडाले तेव्हा दुकानदारांना पन्नास हजार, टपऱ्यांना दहा हजार. २०२५च्या पावसाळ्यात मराठवाडा पाण्याखाली गेला, ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यातही दुकानाला पन्नास हजार. सहा वर्षांत मालाच्या किमती कुठच्या कुठे गेल्या, आकडा तोच. दर वेळी तो घोषणा म्हणून येतो आणि दर वेळी व्यापारी संघटनांना तो नव्याने मागावा लागतो.

३०/
दरम्यान २०२५मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कर्जसवलतीची शिफारस करू देणारे ते कलम १३ वगळण्यात आले. वायनाडच्या भूस्खलनग्रस्तांच्या कर्जमाफीविषयी केरळ उच्च न्यायालयात सुनावणी सुरू असताना केंद्राने याच वगळणुकीकडे बोट दाखवले. या कलमाचा वापर कमी झाला म्हणून ते निरुपयोगी होते, हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्यांच्यासाठी अन्य कोणत्याही यादीत जागा नाही, त्यांना दाद मागायला ते एक दार होते.

३१/
या विषयाची साधने विखुरलेली आहेत. दुष्काळ आयोगांचे अहवाल आणि जुनी गॅझेटिअर सहज मिळतात. बाजारपेठांचे स्वतःचे कागद मिळत नाहीत. आपल्या घरी वा गावच्या व्यापारी मंडळाकडे १९६१च्या पुण्याचे, २००५ किंवा २०२१च्या चिपळूण-महाडचे, २०१९च्या सांगली-कोल्हापूर-इचलकरंजीचे पंचनामे, मदतीचे अर्ज, नाकारल्याची पत्रे, सभांचे ठराव, भिजून वाळलेल्या वह्या असतील तर कृपया टाकून देऊ नका. छायाचित्र काढून येथे प्रतिसादात जोडा. नावे व पत्ते झाकून. किमान कोणत्या वर्षीचा, कोणत्या गावचा आणि कोणत्या धंद्याचा कागद आहे, एवढे लिहिले तरी पुष्कळ.